राखणदारीण

हुमनाबादेत गुंडेराव सर म्हटलं तर लोक विचारतात, कोणते गुंडेराव? डिफरन्स सर म्हटलं की पानपट्टीवाल्यापासून तहसीलच्या शिपायापर्यंत कुणीही घर दाखवतं. सरकारी हायस्कुलात मी तेहतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. परीक्षेत दोन मार्कांना एक प्रश्न असायचा, दोन शब्दांतला फरक सांगा. बाकीचे मास्तर तो सोडून द्यायचे. मी त्याची वही केली होती, चारशे बारा जोड्यांची. हिअर म्हणजे कानावर पडणं, लिसन म्हणजे कान देणं. सी म्हणजे दिसणं, लूक म्हणजे बघणं. पोरं कंटाळायची, पण माझ्या हाताखालून गेलेल्या पोराला अजूनही बसस्टँडवर गाठून विचारलं तर तो फरक सांगतो.

ही खोड शाळेपुरती राहिली असती तर बरं झालं असतं. दुकानाच्या पाट्या, लग्नाच्या पत्रिका, लॉरीच्या मागचं लिखाण, मला चुकीचं काही बघवत नाही. हायवेवरच्या एका ढाब्याच्या मालकाला मी त्याच्या पाटीतल्या तीन चुका दाखवल्या. त्यानं मला चहा पाजला आणि म्हणाला, सर, पाटी चुकली असंल, डाळ बरोबर हाय, बसा. सुमन, माझी बायको, हा किस्सा येईल त्या पाहुण्याला सांगायची आणि वर म्हणायची, जित्याची खोड मेल्याबिगर जात न्हाई. खोड माझी होती, आणि गेली सुमन.

माझ्या या काटेकोरपणाला एक कारण होतं, तेही सांगतो, म्हणजे मी नुसताच आडमुठा होतो असं वाटणार नाही. मला नोकरी लागली तेव्हा कुणीतरी निनावी अर्ज केला, की याचा जातीचा दाखला खोटा आहे. वडिलांचं नाव माझ्या शाळेच्या दाखल्यावर लक्ष्मण होतं आणि जमिनीच्या पहाणीवर, म्हणजे आमच्याकडच्या सातबाऱ्यावर, लछमन. त्यात आम्ही बौद्ध. एका कागदावर एक धर्म, दुसऱ्यावर दुसरा. सहा महिने मी आणि वडील बीदरच्या चकरा मारत होतो. एका साहेबानं माझ्यादेखत वडिलांना विचारलं, तू नक्की कोण आहेस ते आधी ठरव. वडील अंगठेबहाद्दर माणूस. त्यांनी हात जोडले. त्या दिवशी मी मनाशी ठरवलं, माझ्या घरातून जाणाऱ्या कागदावर एक अक्षर खोटं जाणार नाही. दुसऱ्याची चूक ही चूक असते, आमची चूक हा गुन्हा असतो.

लग्नाला अकरा वर्षं झाली तरी आम्हाला मूल नव्हतं. सुमनची धाकटी बहीण गुरुबाई दुबलगुंडीला दिलेली. तिला दोन मुली होत्या, तिसरीही मुलगीच झाली. बाराव्या दिवशी बारशाला आम्ही गेलो. बुद्धवंदना झाली, पाळणा झाला, आणि गुरुबाईनं पोर उचलून सगळ्यांसमोर सुमनच्या ओटीत घातली. एवढंच म्हणाली, "अक्का, हे तुजं." मग तिनं छातीवरून पदर घट्ट आवळून बांधला आणि चुलीपुढं जाऊन बसली. तिचा नवरा धम्मानंद दारात उभा होता, त्यानं मान हलवली. आमच्याकडं हे असंच होतं. चार माणसांदेखत ओटीत घातलेलं लेकरू परत मागत नाहीत आणि त्याचा कागदही कुणी करत नाही. नाव मी ठेवलं, प्रेरणा.

पोरीला लहानपणी धाप लागायची. आडवी झाली की श्वास अडकायचा. म्हणून दोन हिवाळे सुमननं तिला खांद्यावर उभी धरून भिंतीला टेकून काढले. मी शेजारी घोरत असायचो, हे नंतर पुष्कळदा ऐकवलं मला तिनं. पोर बोलायला लागली ती सुमनला आई आणि मला अप्पा म्हणत. गुरुबाई तिची मावशी झाली. गुरुबाईच्या तोंडून कधी चुकूनही दुसरा शब्द आला नाही.

सहा वर्षांची झाली तेव्हा तिला इंग्रजी शाळेत घालायला आम्ही तिघं गेलो. सुमननं ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. हेडमास्तर गुरुपादय्या माझ्या ओळखीचे. बर्री सर, बर्री, या या, म्हणून त्यांनी खुर्च्या मांडल्या, चहा सांगितला आणि फॉर्म पुढं केला. वडिलांचं नाव, आईचं नाव. मी धम्मानंद आणि गुरुबाई अशी नावं लिहिली. गुरुपादय्या चष्म्यावरून बघत होते. ते हळूच म्हणाले, सर, तुमचं दोघांचं नाव लिहा की. अर्ध्या तालुक्यात असंच चालतं, कोण विचारायला येतंय. मी म्हणालो, जन्माचा दाखला दुबलगुंडीचा आहे, त्यावर ही नावं आहेत. उद्या स्कॉलरशिपला, जातीच्या दाखल्याला अडलं म्हणजे?

फॉर्मच्या तळाशी सहीची जागा होती आणि तिथं दोन शब्द छापलेले होते, पेरेंट आणि गार्डियन. लागू नसलेला शब्द खोडावा, अशी बारीक सूचना. गुरुपादय्या म्हणाले, खोडू नका सर, नुसती सही करा. कन्नडात दोन्हीला पोषकरुच म्हणतात, तुमच्या मराठीत पालक. एकच तर हाय. पण मी डिफरन्स सर. मी त्यांच्याकडं पट्टी मागितली. पट्टी ठेवून, शाई पसरणार नाही अशी सरळ रेघ मी पेरेंट या शब्दावर ओढली.

सुमनला इंग्रजी येत नव्हतं, पण रेघ कळत होती. तिनं विचारलं, "काय खोडायलाव?"

आणि मी तिला समजावून सांगितलं. आता आठवलं की माझीच मला लाज वाटते, किती हौसेनं सांगितलं ते. पेरेंट म्हणजे जन्म देणारा. गार्डियन म्हणजे सांभाळणारा, राखणारा. लोक दोन्ही एकच समजतात, पण फरक आहे. ही माझ्या वहीतली एकशे सत्तेचाळिसावी जोडी.

पोरगी सुमनच्या मांडीवर बसून तिच्या बांगड्या मोजत होती. मग ती म्हणाली, "म्हंजे ज्वारी हुरड्यात आली की पाखरं राखायला माणूस ठेवत्यात, तसं? मग मी राखणदारीण व्हय?"

गुरुपादय्या खिडकीबाहेर बघू लागले. मी हसलो आणि म्हणालो, अगदी बरोबर, भाषांतर छान केलंस.

पुढं काही दिवस ती तो शब्द वापरायची. वाढताना म्हणायची, मालकानं जेवावं, राखणदारीण मागनं जेवंल. मी ते थट्टेवारी नेलं. मग तिनं तो शब्द टाकून दिला, आणि मला वाटलं ती विसरली. वर्ग गप्प झाला की मास्तरला वाटतं, पोरांना समजलं.

मधे एकदा रीतसर दत्तक घ्यायचा विचार निघाला होता. वकिलानं सांगितलं, पोरगी पंधराची व्हायच्या आत करा. पण तोवर सगळे दाखले धम्मानंदच्या नावानं निघाले होते. नाव बदललं तर जातीची पडताळणी पहिल्यापासून, आणि त्या रस्त्यानं मी एकदा वडिलांना नेलं होतं. बघू, बघू म्हणत मी राहिलो आणि पोरगी सोळाची झाली. धम्मानंद म्हणायचा, कागदानं काय होतंय सर, लेकरू तुमचंच हाय. खरंच होतं ते, हुमनाबाद ते दुबलगुंडी एवढ्या मुलखात तरी.

प्रेरणा बीदरला नर्सिंग शिकली आणि दोन वर्षांपूर्वी आखातातल्या एका हॉस्पिटलात लागली. रोज संध्याकाळी तिचा फोन यायचा. सुमन तिला तिथल्या दुधापासून तिथल्या झाडूपर्यंत सगळं विचारायची. माझ्या वाट्याला शेवटचं अर्धं मिनिट. अप्पा, चुका काढू नका लोकांच्या, असं म्हणून ती फोन ठेवायची.

गेल्या माघात एका सोमवारी सकाळी सुमन अंगणात तूर पाखडत होती. सूप खाली पडल्याचा आवाज आला. मी बाहेर आलो तर ती भिंतीला धरून खाली बसलेली, छातीवर हात, घामानं चिंब. तिला कलबुर्गीला नेलं. डॉक्टर म्हणाले, मोठा झटका आहे, हृदय तीस टक्के काम करतंय, पहिले पाच-सहा दिवस काही सांगता येणार नाही. अतिदक्षता विभागात ठेवलं. आत जायला सकाळी अकराला दहा मिनिटं आणि संध्याकाळी पाचला दहा मिनिटं.

पहिल्या दिवशी ती म्हणाली, पोरीला सांगू नगा, भील. दुसऱ्या दिवशी अकराला मी आत गेलो तर म्हणाली, "पोरीला बोलवा. मला तिला बघायचंय." सुमननं आयुष्यात माझ्याकडं मागून घेतलेल्या गोष्टी एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. ही त्यातली शेवटची.

पण मी तिला न विचारता सोमवारीच फोन केला होता, आणि प्रेरणानं त्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला होता. तिथल्या नियमात आईबाप अत्यवस्थ असले तर लगेच सोडतात. पेशंटचे कागद मागितले, ते मी पाठवले. तिथल्या ऑफिसनं मंगळवारी विचारलं, तुमच्या पासपोर्टवर आईचं नाव गुरुबाई आहे, पेशंट सुमनबाई आहे, नातं सिद्ध करणारा सरकारी किंवा शाळेचा कागद द्या. त्या मंजुरीशिवाय तिला देश सोडता येत नव्हता.

कागद! सगळी कपाटं माझ्या डोळ्यासमोर होती. सुमन आणि प्रेरणा यांना जोडणारा कागद माझ्या घरात एकही नव्हता. होते ते फोटो. एकच जागा होती जिथं आमच्या घराचं नाव आणि पोरीचं नाव एकत्र लिहिलेलं होतं. धम्मानंद आणि गुरुबाईला दवाखान्यात बसवून मी बसनं हुमनाबादला आलो, शाळेत गेलो. गुरुपादय्या वारून चार वर्षं झाली होती. त्यांच्या खुर्चीवर माझाच विद्यार्थी सिद्धलिंग होता. त्यानं स्वतः कपाटात डोकं घालून एकोणीस वर्षांपूर्वीचा फॉर्म काढला, झेरॉक्स केली, शिक्का मारला. मला वाटलं होतं, पोरगी आमच्या घरी वाढली हे यावरून कळेल. त्या कागदावर माझी रेघ होती. शाई जराही फिकी झाली नव्हती. सिद्धलिंगनं ती बघितली आणि कागद पाकिटात घातला.

तो फॉर्म मीच पाठवला, सोबत एक पत्र लिहून. तेहतीस वर्षं मी पोरांना पत्रलेखन शिकवलं. प्रेरणा फोनवर म्हणाली होती, अप्पा, नुसतं मदर लिहा, जास्त काही समजावून सांगू नका. मी मदर लिहिलं. मग हात थांबेना. बाराव्या दिवसापासून कसं वाढवलं, ओटीत घालणं म्हणजे काय, सगळं दोन पानं लिहिलं. व्याकरणाची एक चूक नव्हती.

बुधवारी दुपारी चारला उत्तर आलं. चार ओळी. सादर केलेल्या कागदानुसार पेशंट या कर्मचाऱ्याच्या गार्डियनची पत्नी आहेत. गार्डियन किंवा त्याचे कुटुंबीय नियमातील जवळच्या नातेवाईकांत येत नाहीत. सहानुभूती आहे. वार्षिक रजा मिळू शकते, पंधरा दिवसांनंतर.

मी ते दवाखान्याच्या बाकावर बसून वाचलं. गुरुबाई शेजारी होती. तिला मी मराठीत सांगितलं. तिला पेरेंट-गार्डियन काही कळलं नाही, पण आपलं नाव आडवं आलंय एवढं कळलं. ती म्हणाली, "भावजी, माज्या नावानं लिवा. गुरुबाई मरायलीय म्हणून लिवा. पोरीला येऊ द्या."

मी तिला सांगितलं, उशीर झाला, सुमनच्या नावाचे कागद आधीच गेलेत. ते खरं होतं. पण गेले नसते तर मी तसं लिहिलं असतं का? खरं सांगायचं तर नसतं लिहिलं. बुधवारी चारपर्यंत मी तसलाच माणूस होतो.

पाचला आत गेलो. सुमनच्या नाकातोंडावर मास्क होता. तिनं तो हातानं बाजूला केला आणि विचारलं, "निघाली का?"

मी तिच्याकडं बघितलं. डोळे खोल गेले होते, पण त्यात वाट बघणं होतं. मी म्हणालो, "निघाली."

आयुष्यात मी कागदावर खोटं लिहिलं नव्हतं, तोंडानंही फारसं बोललो नव्हतो. एवढं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं. तिनं मास्क परत लावला आणि डोळे मिटले. चेहरा उतरलेला होता तो जरा सैल झाला. बाहेर येऊन मी धम्मानंदला म्हणालो, निदान आज झोप तरी लागेल तिला. स्वतःचीच पाठ थोपटल्यासारखं वाटलं मला.

गुरुवारी अकराला प्रेरणानं व्हिडिओ कॉल केला. अतिदक्षता विभागातल्या सिस्टरनं माझी दया येऊन फोन आत न्यायला परवानगी दिली. मी फोन सुमनच्या तोंडापुढं धरला. पडद्यावर पोरगी होती, तिच्या कामाच्या कपड्यांत, आई म्हणून हाक मारत. सुमननं एकदा पडद्याकडं बघितलं आणि मान वळवली. मास्क काढून ती मला म्हणाली, "तुमीच म्हणलाव न्हवं, निघालीय? मग ह्यो फोन कामून? दम लागायलाय मला. आल्यावर बोलते. लई बोलायचंय."

प्रेरणाला ते ऐकू गेलं. ती हुशार पोरगी आहे, तिला एका क्षणात सगळं कळलं. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून तिनं डोळे पुसले, व्हय आई, आल्यावर बोलू, म्हणाली आणि फोन बंद केला.

तेव्हा मी खरं बोलायला पाहिजे होतं. सुमन, ती निघालेली नाही, मीच खोटं बोललो, तू फोनवर बोलून घे. दहा मिनिटांतली सहा मिनिटं उरली होती. मी तिच्या पायावरचं पांघरूण नीट करत बसलो. वाटलं, कदाचित रजा मिळेलच. वाटलं, संध्याकाळी सांगू. संध्याकाळी ती गुंगीत होती. मला ओळखलं, दाराकडं बघितलं, परत मला बघितलं. इमान उशिरा असंल, असं काहीतरी विमानाबद्दल पुटपुटली.

शुक्रवारी दुपारी तीनला ती गेली. पाचला अजून दोन तास होते, म्हणून आत कुणीच नव्हतं.

शनिवारी दुबलगुंडीच्या माळावर तिला माती दिली. धम्मानंदनं फोन धरला होता आणि प्रेरणा तिकडून बघत होती. त्याच दिवशी तिच्या वॉर्डातल्या केरळच्या हेड नर्सनं स्वतःची मंजूर झालेली रजा मागं घेतली आणि ते सहा दिवस प्रेरणाला मिळवून दिले. त्या बाईला मी कधी बघितलेलं नाही, पण तिचं नाव मी रोज घेतो. सोमवारी प्रेरणा हैदराबादला उतरली आणि बसनं घरी आली. मंगळवारी सुमनच्या मरणानंतरचा जलदानविधी होता.

मला वाटलं होतं, ती माझ्याशी भांडेल. भांडली असती तर बरं झालं असतं. तिनं आल्या आल्या आईचं सूप उचलून खुंटीला लावलं, अंगणातली सांडलेली तूर गोळा केली. पाहुणे गेल्यावर मीच तिच्यापुढं फाइल टाकली. म्हणालो, हे बघ, माझ्या हातची रेघ. या रेघेनं तुला अडवलं. आणि तुझी आई शेवटी तुझ्याशी बोलली नाही तेही माझ्यामुळं. मला काय बोलायचं ते बोल.

तिनं तो झेरॉक्स कागद हातात घेतला, पण वाचला नाही. म्हणाली, "मला माहीत हाय हे, अप्पा. सातवीत असताना ऑफिसात रजिस्टर आणायला गेले होते, तवा बघितलं. घरी येऊन आईला इचारलं, की अप्पानं पेरेंट कामून खोडलं, मी तुमची न्हाई का?"

मला हे माहीत नव्हतं. त्या वेळी मी घरातच असणार, दुसऱ्या खोलीत वह्या तपासत.

"काय म्हणाली?"

"म्हणाली, तुज्या अप्पानं खरं तेच लिहिलंय. मी राखणदारीणच हाय. पर शेतात बघ, मालकाला झोप लागती. राखणदार जागा असतो."

ती एवढंच सांगून उठली आणि चहा ठेवायला गेली. माझ्या वहीत एकशे सत्तेचाळिसाव्या जोडीपुढं मी दोन ओळींत फरक लिहिला होता, आणि तो तेहतीस वर्षं फळ्यावर उतरवून दिला होता. सातवीतल्या पोरीला सुमननं जे सांगितलं त्यातलं काहीही त्यात नव्हतं. ती विसरली असं मी समजत होतो. ती तो शब्द घेऊन एकटीच बसली होती, आणि त्याच शब्दानं तिनं पोरीसमोर माझी बाजू राखली होती. मी रडलो. प्रेरणा स्वयंपाकघरात होती, तिनं चहा मुद्दाम उशिरा आणला.

सहावा दिवस संपायच्या आधी तिला निघायचं होतं. जाण्याआधी एक फॉर्म भरून ठेवायचा होता. ऑफिसनं तो मेलवर पाठवला होता आणि तिनं मेन रोडवरच्या झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणला होता. अचानक घेतलेल्या रजेचं कारण. मृत व्यक्ती कोण, तर पुढं तीन शब्द छापलेले, पेरेंट, गार्डियन, इतर. लागू नसलेले खोडावेत. घरातल्या ज्येष्ठाची सही. तिनं कागद आणि पेन माझ्यापुढं ठेवलं आणि विचारलं, "अप्पा, काय ठेवायचं?"

मी उठून कपाटातनं पट्टी आणली. चष्मा लावला. आधी इतर खोडलं. मग पट्टी वर सरकवून गार्डियनवर ठेवली.

प्रेरणा म्हणाली, "ते परत पाठवत्याल. तिकडं सगळे कागद हायत त्यांच्याकडं."

मी म्हणालो, पाठवू दे.

मग मी सरळ रेघ ओढली. पट्टी होती म्हणून रेघ वाकडी गेली नाही. खाली सही केली, तारीख घातली. पेनाला टोपण लावून मी थोडा वेळ तसाच बसलो. बाहेर धम्मानंद गाडी घेऊन आला होता. शेजारच्या खुर्चीतून कुणीतरी विचारेल, काय खोडायलाव, म्हणून मी थांबलो होतो.